तासाला वीस मिनिटं

सरकारी कागदात कधीकधी एखादी ओळ अशी सापडते की वाटतं, लिहिणारा आपल्या घरी चार दिवस राहून गेला असावा. परीक्षांबद्दल केंद्र सरकारनं २०१८ साली काढलेल्या सूचनांमध्ये तशी एक ओळ आहे. अपंग परीक्षार्थीला दर तासामागे निदान वीस मिनिटं जादा द्यावीत. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. लेक दहावीला होती तेव्हा शाळेच्या ऑफिसात उभ्या उभ्या मी तो कागद वाचला आणि मनात आलं, फक्त पेपरलाच?

आमच्याकडे सकाळचा तास एक तास वीस मिनिटांचाच असतो. रात्रभरात पायांचे स्नायू आखडलेले असतात, ते आधी मोकळे करायचे. उताणं झोपायचं, गुडघा सरळ ठेवून मी पाय वर नेणार, तीसपर्यंत मोजणार, हळूच खाली. मग दुसरा. मग मोजे. मोज्याला एकही सुरकुती राहता कामा नये. राहिली तर संध्याकाळी बरोबर तिथं फोड. मोज्यांवर प्लास्टिकचे एएफओ, म्हणजे घोटा सरळ धरून ठेवणारे साचे, पोटरीपासून तळव्यापर्यंत, त्यांचे चर्र करून लागणारे पट्टे. त्यावर बसतील असे दोन नंबर मोठे बूट. मग कुबड्या. मग दार.

तिला सेरेब्रल पाल्सी आहे. दहा आठवडे आधी जन्मली, वजन बाराशे ग्रॅम. इतक्या लवकर आलेल्या बाळांच्या मेंदूत पायांकडे हुकूम नेणाऱ्या तंतूंना इजा व्हायचा धोका जास्त असतो. तिला ती झाली. ही इजा वाढत नाही आणि भरूनही येत नाही. पाय ताठ, हातांत थोडा ताठरपणा, लिहिणं संथ, बोलणं स्पष्ट आणि कधीकधी गरजेपेक्षा जास्तच स्पष्ट. चालायला तिला इतरांच्या दुपटी-तिपटीनं शक्ती लागते, त्यामुळे दुपारी तीनला ती जशी दमते तशी मी रात्री अकरालाही दमत नाही. मागून कुणी एकदम हॉर्न मारला की अख्खं अंग दचकतं. कुबड्यांवर उभं असताना दचकलं तर माणूस सरळ खाली येतो.

बारावीचा निकाल २०२४ च्या मे महिन्यात लागला. प्रवेशाच्या फॉर्मवर दोन रकाने शेजारी शेजारी होते: बारावीचे टक्के आणि अपंगत्वाचे टक्के. एकात ८१ भरले, दुसऱ्यात ६५. लेक म्हणाली, "बेरीज केली तर मी शंभराच्या वर जाते." चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी २०१६ च्या कायद्यानं सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत ५ टक्के जागा ठेवल्या आहेत, १९९५ च्या जुन्या कायद्यात त्या ३ टक्के होत्या. जागा मिळेल की नाही याची धास्ती मला फारशी नव्हती. त्या जागेपर्यंत रोज, तीन वर्षं, पोचायचं कसं हा घोर होता.

आम्ही राहतो अंकलेश्वरला. नवऱ्याची केमिकल कंपनीत शिफ्टची नोकरी, माझं एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेबाचं काम. लेकीला अर्थशास्त्र घ्यायचं होतं, तेही चांगल्या कॉलेजात. दोन शहरं समोर होती आणि दोन्हीकडे आपली माणसं. पुण्याला तिची आत्या. बडोद्याला माझं माहेर, दांडिया बाजारात.

आत्याचं घर म्हणजे सातवा मजला, दोन लिफ्ट, त्यातली एक स्ट्रेचर जाईल एवढी. खाली रॅम्प. बाथरूममध्ये धरायला दांडा, तोही सासऱ्यांसाठी आधीच बसवलेला. पण आत्या आणि तिचा नवरा दोघंही सकाळी आठला हिंजवडीला जातात ते रात्री आठला उगवतात. आणि आमचं दांडिया बाजारातलं घर? रस्त्यालगत तीन पायऱ्यांचा ओटा, त्या पायऱ्याही कोणा उंच माणसानं आपल्या मापानं बांधलेल्या. आत लाकडी दादर, जिना कसला, शिडीच ती, धरायला वरून सोडलेला दोर. वर आजी, मामा, मामी, मामाचा मुलगा. दिवसाच्या कुठल्याही वेळी घरात कुणीतरी असतंच. एकीकडे लिफ्ट आहे तर माणूस नाही, दुसरीकडे माणसं ढीगभर आहेत आणि लिफ्ट शंभर वर्षांत व्हायची नाही.

लहान होती तोवर मामा तिला खांद्यावर टाकून दादर चढायचा. दहा-अकरा वर्षांची झाली, एक दिवस तिनं खाली ओट्यावरच बसून सांगितलं, "मी आता वर येणार नाही." मामाला वाटलं रुसली. तेव्हापासून आजी आणि नात यांच्या भेटी ओट्यावर होतात. आजीचे गुडघे गेलेले, ती दादरावरून बसत बसत उतरते, एकेक पायरी, हातात दोर. नाहीतर गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली येते. एरवी ती भाजीवाल्यासाठी. तिच्यात नातीसाठी वाटीत शिरा, वर ताटली झाकलेली, आणि आजीचा आवाज: "आधी शिरा काढ, मग गप्पा मार, निवतोय."

मी कालनिर्णयच्या पाठीमागं एक हिशेब मांडला होता. हिशेबाचं कामच माझं. दुपारी दोन वाजता कॉलेजातून फोन आला, की पडली, किंवा ताप आला, किंवा कुबडीचं रबर निघालं, तर कोण किती वेळात पोचेल? पुण्यात आत्या, हिंजवडीहून, वाहतुकीवर अवलंबून. आम्ही, दुसऱ्या दिवशी सकाळी. बडोद्यात मामा स्कूटरवरून बारा मिनिटांत; त्याचं स्टेशनरीचं दुकान रावपुऱ्यात. मामी रिक्षानं वीस मिनिटांत. आम्ही अंकलेश्वरहून दोन तासांत, गाडी लागलीच मिळाली तर. रस्त्यानं म्हणाल तर भरूचजवळ नर्मदेवर २०१७ साली केबलचा पूल झाल्यापासून बरं आहे. त्याआधी त्या पुलावर तासन् तास अडकल्याच्या गोष्टी आमच्याकडे प्रत्येक घरात आहेत. माझं ते कोष्टक मला फार पटलं होतं. बडोदा, दुसरा विचारच नको.

लेकीनं कागद पाहिला. पेन मागितलं. तिच्या त्या संथ, मोठ्या अक्षरात तिनं खाली लिहिलं: "आणि मी स्वतः उठून उभी राहायला किती वेळ?" मग म्हणाली, "आई, जवळ म्हणजे कुणाच्या जवळ? माझ्या की तुझ्या?"

तिला पुणं हवं होतं. आत्याचं घर नको होतं, पुणं हवं होतं, कारण तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. दांडिया बाजारात तिला सगळे ओळखतात. आमच्या गल्लीतून जायचं म्हणजे दर चार घरांमागं एक काकू. "हीच का गं तुझी? केवढी झाली! चालते की!" चालते की, हे शब्द तिनं किती वेळा ऐकले असतील. एका काकूंनी तर दरवर्षी नव्यानं एकच उपाय सांगायचा नेम केला होता, तिळाचं तेल आणि मोहरी. प्रेमानंच. प्रेमानं सांगितलेल्या गोष्टीला उत्तर देता येत नाही, हीच तर तिची तक्रार होती. मला तेव्हा ती कृतघ्न वाटली. आता वाटत नाही, पण तेव्हा वाटली हे खरं.

आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. शेवटी तिनंच तह काढला. बडोद्यातली कॉलेजं आधी बघू. एक जरी असं मिळालं जिथं मला आत जाताना कुणाला हाक मारावी लागणार नाही, तर बडोदा. नाही तर पुणं.

आईच्या शिवणयंत्राच्या खणातून मी टेप घेतली आणि जून महिन्यात आम्ही निघालो. मला दोनच मापं पाठ होती. दार नव्वद सेंटीमीटर मोकळं हवं. रॅम्प एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. आपल्याकडे चार पायऱ्यांवर सिमेंटची घसरगुंडी ओततात आणि तिला रॅम्प म्हणतात. तिच्यावरून मोटरसायकल चढते, कुबडीवाला माणूस चढत नाही. नावं कुठल्याच कॉलेजाची लिहीत नाही, कारण माणसं बदलतात, पायऱ्या तेवढ्या राहतात.

पहिल्या कॉलेजात ऑफिसातल्या बाई फार गोड होत्या. पाणी दिलं, पंखा लावला. मग मला म्हणाल्या, "तुम्ही काळजी करू नका. अशा मुलींना आमच्याकडे रोज यायची गरज नसते. हजेरीचं आम्ही बघून घेऊ. परीक्षेला आल्या की झालं." मला खरं सांगायचं तर क्षणभर हायसं वाटलं. लेकीकडे पाहिलं तर ती भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होती, तोंड आमच्याकडे नव्हतं. बाहेर आल्यावर रिक्षात बसेपर्यंत गप्प. मग म्हणाली, "फी पण परीक्षेपुरतीच घेणार का विचारायला हवं होतं."

दुसऱ्या कॉलेजात रॅम्प होता, नवा कोरा, दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे. मी टेप लावली, माप बरोबर होतं. त्याच्यावर सहा स्कूटरी उभ्या होत्या. वॉचमन म्हणाला, सावली फक्त तिथंच पडते.

तिसरं कॉलेज जुनं. चार पायऱ्या, दगडी, मधोमध झिजलेल्या. रॅम्प नाही. मी टेप काढलीसुद्धा नाही. लेक खाली उभी राहून पायऱ्यांकडे बघत होती. तेवढ्यात आतून एक शिपाई आला, पन्नाशीचा, हातात किल्ल्यांचा जुडगा. असे लोक आमच्यापाशी आले की माझ्याशी बोलतात. "हिला काय होतं? ही काय शिकणार?" अठरा वर्षं मी तिची दुभाषी होते, तीही मराठीतून मराठीत. हा माणूस माझ्या शेजारून गेला, तिच्यासमोर थांबला आणि म्हणाला, "बेन, तमने केम फावशे?"

फावणं हा शब्द आम्हां बडोद्याच्या मराठी माणसांचा अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. मराठीत फावला वेळ असतो, काम सरून हाती उरलेला. गुजरातीत फावणं म्हणजे जमणं, सोयीचं होणं, अंगवळणी पडणं. आम्ही घरात दोन्ही सरमिसळ वापरतो. "मला ती खुर्ची नाही फावत" असं पुण्यात म्हटलं की लोक हसतात. "तुम्हांला कसं जमेल?" एवढंच त्या माणसानं विचारलं होतं. लेकीनं सांगितलं, उजव्या बाजूला धरायला काही असेल तर मी चढते, मला उचलायचं नाही. तो म्हणाला, मागच्या दाराला एकच पायरी आहे, पण ते बंद असतं, किल्ली माझ्याकडे. आणि जुडगा वर करून दाखवला.

विभागप्रमुख बाईंनी वेळापत्रक टेबलावर पसरलं. पहिल्या वर्षाचे दोन तास वरच्या मजल्यावर होते, ते त्यांनी पेन्सिलीनं खोडून तळमजल्याच्या खोलीत टाकले. त्यांना पाच मिनिटं लागली. तिथल्या तिथं ठरलं.

म्हणजे कॉलेज ठरलं. आता राहायचं कुठं? मामाच्या घरी दादर. मामा म्हणाला घराखालचा गाळा रिकामा करून खोली करू. लेक म्हणाली, आजोळाजवळ राहीन, आजोळी नाही. मामाला ते लागलं, आजीला अजिबात लागलं नाही. आजी म्हणाली, "लग्न करून इथं आले तेव्हा मलाही असंच वाटायचं, पण मला विचारतंय कोण."

खोली शोधणं हा कॉलेजपेक्षा अवघड भाग निघाला. तळमजला, कमोड, कॉलेजपासून रिक्षानं पाच मिनिटं. फोनवर सगळे हो म्हणायचे. दारात कुबड्या दिसल्या की कुणाची बहीण अचानक राहायला येणार असायची. एकानं निदान सरळ सांगितलं, "पडली-बिडली तर आमच्यावर येईल." सात घरं. बडोदा हे माझं शहर, मी त्याचा अभिमान लहानपणापासून ऐकत आले. १८९३ साली सयाजीरावांनी अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. पोरं शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड. शाळेत हे आम्हांला पाठ होतं. आणि त्याच संस्थानानं शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलेले डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये इथं नोकरीवर रुजू व्हायला आले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले, ते उघड झाल्यावर काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं, आणि ते कामाठी बागेत जाऊन बसले. त्यांच्या वाट्याला जे आलं त्याची आमच्या सात नकारांशी तुलना करायची माझी प्राज्ञा नाही. पण सातव्या घरातून परतताना रिक्षा बागेच्या फाटकावरून गेली तेव्हा मला ते आठवलंच. शिकायला बोलावणारं शहर आणि खोली देणारं शहर एकच असतं असं नाही.

आठवं घर मिळालं ते एका विधवा बाईंचं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "रात्री टीव्ही मोठ्यानं लावते का?"

आता मामीबद्दल लिहायला हवं, कारण आमच्या सगळ्या चर्चेत तिचं नाव कुठंच नव्हतं. मी कोष्टकात "मामी, रिक्षानं वीस मिनिटं" असं लिहिलं होतं, जणू ती वीस मिनिटं नळाला येतात. सकाळी सातला पायांचे व्यायाम करून द्यायला कोण जाणार? मी अंकलेश्वरला. पहिले दोन महिने मामी रोज गेली. घरचं दूध, डबे, आजीची औषधं उरकून साडेसहाला निघायची. मामा सगळ्यांना सांगायचा, "आमची भाची आमच्याच आधारावर शिकते." खरंच होतं, फक्त त्यातलं "आमच्या" जरा मोठं होतं.

ऑगस्टमध्ये मी दोन दिवस राहायला गेले तेव्हा मामीच्या हाताला हात लावला तर ती चमकली. मनगट सुजलेलं. ताठ पाय वर न्यायला जोर लागतो, चुकीचा धरला की मनगटावर येतो. मी म्हटलं, वहिनी, सांगायचंत ना. ती कणीक मळत होती, डाव्या हातानं. म्हणाली, "कुणाला सांगू? तुझा दादा म्हणेल मला फावत नसेल तर बाई लावू. मग बाई लावायची म्हणजे मला फावत नाही असं होणार." शब्द पुन्हा तोच. तिनं वर बघितलं नाही. मी अठरा वर्षं हे काम केलेली बाई, मलाही हे आधी सुचलं नाही. घरच्यांचा आधार म्हणताना आपण बहुतेक वेळा घरातल्या एकाच बाईचा वेळ मोजत असतो, आणि तो तिला न विचारता मोजलेला असतो.

त्या दिवशी आम्ही फिजिओथेरपीची एक मुलगी ठरवली, आठवड्यातून चार दिवस, पैसे आम्ही द्यायचे. उरलेले दिवस लेक स्वतः करते. दाराच्या चौकटीत पाठीवर झोपते, एक पाय भिंतीवर टेकवून वर, टाच भिंतीला, दुसरा दारातून बाहेर सरळ. भिंतच तिचा पाय धरते. ही युक्ती त्या फिजिओच्या मुलीनं दहा मिनिटांत शिकवली. अठरा वर्षं मी पाय धरून तीसपर्यंत मोजत होते आणि घरात भिंती होत्या.

मामी अजून जाते, गुरुवारी. व्यायामाला नाही, नुसती. दोघी सेवउसळ खायला जातात. तिखट रस्सा कोणाला किती झेपतो यावर त्यांची पैज असते.

मामाला मात्र सुधारायला वेळ लागला. बोलावल्याशिवाय कॉलेजात यायचं नाही असं लेकीनं बजावलं होतं. तो येत नसे. कॉलेजच्या कोपऱ्यावर पानाच्या गादीपाशी स्कूटर लावून उभा राहत असे, योगायोगानं, सुटायच्या वेळेला. मामा पान खात नाही. दोन महिने त्यानं पानवाल्याकडून फक्त बडीशेप घेतली.

मग त्याच ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला. २०२४ चा तो पूर बडोद्यात कुणी विसरणार नाही. शहराचा मोठा भाग पाण्याखाली, रस्त्यांवर मगरी, तीन-चार दिवस वीज नाही. आम्ही अंकलेश्वरला फोन लावत बसलेलो आणि फोन लागत नव्हता. माझं बारा मिनिटांचं कोष्टक पहिल्या तासातच वाहून गेलं. मामा निघाला, कमरेएवढ्या पाण्यातून परत फिरला. लेक तळमजल्यावर. तळमजला आम्ही किती शोधून घेतला होता! तिला वर नेलं ते घरमालकीण बाईंनी आणि शेजारच्या दोन कॉलेजच्या पोरांनी, खुर्चीत बसवून. लेकीनंच त्यांना सांगितलं की खुर्ची मागं कलती ठेवा, तोंड वरच्या बाजूला नको, आणि उचलताना मोठ्यानं ओरडू नका, मी दचकेन. दुसऱ्या दिवशी फोन लागला तेव्हा मी रडत होते आणि ती विचारत होती, कुबड्यांची रबरं पाण्यानं खराब होतात का.

ज्यांनी उचललं त्यातला कुणीच आमच्या कोष्टकात नव्हता. तिला उचललेलं चालत नाही, मामालासुद्धा तिनं बंद केलं होतं. मी नंतर विचारलं, त्या दिवशी कसं चाललं? म्हणाली, "त्यांनी विचारलं आधी."

परीक्षेचं सांगते आणि संपवते. सेरेब्रल पाल्सी असेल तर मागितल्यावर लेखनिक मिळतो. स्वतःचा आणायचा असेल तर २०१८ च्या त्या सूचनांप्रमाणे त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली लागायचं. मामाचा मुलगा तेव्हा अकरावीत, सायन्सला. अर्थशास्त्राची त्याला गंधवार्ता नाही, म्हणजे सगळ्यात उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत ओट्यावर त्यांचा सराव चालायचा, ती सांगणार, तो लिहिणार. वाक्यं जमली. आकृत्यांनी घाम काढला. मागणीची रेषा तोंडी कशी सांगायची?

"वरून डावीकडून सुरू कर. उजवीकडे खाली ये. हळू उतर. अरे, एवढी नाही, ही घसरगुंडी झाली!"

"मग सांग ना किती."

"रॅम्पसारखी. एकास बारा."

वरून गॅलरीतून आजी ऐकत असायची. तिला वाटायचं दोघं भांडतात, आणि टोपलीतून लाडू यायचे.

जादा तासाबद्दलही एक गोष्ट आम्हांला तेव्हाच कळली. चार तास एका जागी बसलं की पाय लाकडासारखे होतात. कायदा वेळ देतो आणि त्या वेळात शरीर आखडतं. म्हणून दर तासाला तीन मिनिटं उठायचं, बाकाला धरून टाचा टेकवायच्या, असं तिनं ठरवलं. तरी पहिल्या दोन वर्षांत तिचा पेपर कधी वेळेत पुरा झाला नाही, एखादा प्रश्न अर्धवट राहायचाच. पोरगा बारावीत गेला तेव्हा त्याला आम्हीच सोडवलं. आता तिच्यासाठी लिहिते ती तळमजल्यावरच्या वर्गातल्या एका मुलीची धाकटी बहीण. लेकीनंच विचारलं, लेकीनंच फॉर्म भरला, मला पेपरच्या आदल्या दिवशी कळलं.

तिसऱ्या वर्षाच्या एका पेपरला मी मुद्दाम रजा काढून गेले होते. तीन तास झाले, घंटा झाली, कॉलेज रिकामं झालं. शिपाई एकेका खोलीतले पंखे बंद करत गेला, तिच्या खोलीचा तेवढा चालू. मागच्या दाराच्या पायरीवर मी आणि मामा बसलो होतो. मामाला त्या दिवशी बोलावलेलं होतं. किल्ली दारालाच लटकत होती.

चौथा तास संपला. कुबड्यांचा आवाज आला, टक, टक, मध्ये बुटांची घसट. घामानं केस कपाळाला चिकटलेले. मामानं उठून दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाला. ती पायरी उतरली, उजव्या हातानं चौकट धरून.

मी विचारलं, "राहिला का काही?"

"नाही. बारा मिनिटं उरली."

"मग काय केलंस? तपासलास?"

"नाही," ती म्हणाली. "नुसती बसले."